भरतीच्या वेळची सुरक्षित अवस्था

माझ्या सासूने, नीराबाईने, पाटल्या मोडून विजेवर चालणारा टेम्पो घेतला, तेव्हा कंपनीच्या लोकांनी हार घालून तिचा फोटो काढला होता. आठव्या महिन्यात टेम्पो अंगणात मेल्यासारखा पडून होता आणि तीच कंपनी म्हणत होती, चूक तुमची.

झालं ते असं. रेवदंड्याला ओहोटीत बोटी लागतात. मासळी डोक्यावरून वर आणेपर्यंत बर्फ वितळतो, म्हणून आम्ही सगळे टेम्पो ओल्या वाळूवरून पाण्याच्या कडेपर्यंत नेतो. बैलगाड्या होत्या तेव्हाही हेच करायचे. त्या दिवशी माल भरला, सासूने चावी फिरवली आणि लाल दिवा लागला. मोटर बंद, चाकं जाम. तेवढ्यात भरती आली नि बॅटरीत समुद्र शिरला. आता वॉरंटीत नवी बॅटरी मिळाली तरच सासूचा धंदा उभा राहणार. नाहीतर रिक्षात टोपल्या कोंबून अलिबागला जायचं, आणि उशिरा पोचलेल्या मासळीला कोण विचारतो?

तपासायला पुण्याहून प्रज्योतसाहेब आले. वय तिशीच्या आत, पायात पांढरेशुभ्र बूट, बुडाखाली कंपनीचीच नवी कोरी विजेची गाडी. आम्ही खुर्ची दिली, चहा दिला. चहा पिता पिता त्यांनी कागद काढला: 'वाहन अयोग्य ठिकाणी वापरले. दोष चालकाचा.' सासूने सही केली की तक्रार बंद, वॉरंटीही बंद.

"काकू, ब्रेकच्या सिग्नलवर शंका आली, म्हणून गाडी सेफ स्टेटमध्ये गेली," ते म्हणाले. "सुरक्षित अवस्था. शंका आली की थांबायचं. आयएसओ २६२६२, म्हणजे गाड्यांच्या सुरक्षेच्या जागतिक नियमाप्रमाणे अभ्यास केलाय आम्ही."

"पन गाडी बुडली ना," सासू म्हणाली.

"बुडाली, पण सुरक्षित अवस्थेत बुडाली."

घ्या! माझ्या डोक्यात तिडीकच गेली. मी बारावी झालेली आहे, अगदीच अडाणी नाही. मी विचारलं, गाडी कुठे थांबली तर काय होईल, हे ठरवलं कोणी? साहेबांनी लॅपटॉप उघडून तक्ता दाखवला. प्रत्येक जागेपुढे तीन प्रश्न: माणसाला किती लागेल, असं किती वेळा घडेल, ड्रायव्हरला सावरता येईल का. त्यात शहराचा रस्ता होता, हायवे होता, घाट होता, अगदी हिमवर्षाव झालेला रस्ताही होता. समुद्रकिनारा नव्हता.

"पुण्यात बर्फ पडतो वाटतं?"

"ते यादीत असतंच, मॅडम."

"आणि भरती?"

"ती क्वचित घडणारी घटना आहे."

मी कपाळाला हात लावला. दिवसातून दोनदा येते हो ती! "तुमच्या मीटिंगच्या खोलीत नसेल येत," मी म्हटलं. सासूने माझ्यावर डोळे वटारले. पाहुण्याला असं बोलू नये म्हणे. पाहुणा कसला!

मग साहेबांना जागेचे फोटो हवे झाले. चालत चला म्हटलं, तर त्यांनी बुटांकडे बघितलं आणि गाडीच काढली. पाणी फिरलंय, भरती लागलीय, कोरड्या वाळूच्या पुढे जाऊ नका, हे मी दोनदा सांगितलं. "मी ट्रेनिंग घेतलेला ड्रायव्हर आहे," म्हणाले, आणि थेट कडेला जाऊन गाडी वळवायला लागले. एक लाट चाकांखालून गेली. लाल दिवा. मोटर बंद, चाकं जाम.

खरं सांगते, मला हसू आवरेना. साहेबांनी ऑफिसला फोन लावला. पलीकडे कोणी मृणालमॅडम होत्या, नि आवाज खणखणीत.

"गाडी हलतेय का?"

"नाही, मॅडम."

"मग सेफ आहे."

"अहो, पाणी दाराला लागलंय!"

"लॉक काढायला गाडी सपाट, कोरड्या जागी आणावी लागते. ही पद्धत तुम्हीच लिहिलीय ना?"

साहेब खिडकीतून निघून टपावर चढले. मी सासूला म्हटलं, आय, आधी तो कागद फाडायला लाव.

"मानूस पान्यात हाय नि तुला कागद सुचतोय?" ती खेकसली, आणि विनेशला, माझ्या नवऱ्याला, हाक मारली. त्याने दहा खलाशी जमवले, चाकांखाली बोट ओढायच्या तेलकट फळ्या सारल्या आणि गाडी दोराने वर खेचली. फुकटात. माझा नुसता जळफळाट झाला.

साहेब कुडकुडत वाळूवर बसले होते, तेवढ्यात मोबाईलवर ऑफिसचा फॉर्म आला. कंपनीची गाडी भिजली म्हणून सही हवी होती. त्यांनी मोठ्याने वाचलं, "वाहन अयोग्य ठिकाणी वापरले. दोष चालकाचा." आणि ताडकन उठले.

"मी का सही करू? गाडी आपली आपण थांबली! माझा काय दोष?"

सासूने आमचा कागद त्यांच्यापुढे धरला.

"मंग हितं काय लिवतोस, बाला?"

"मावशी, नोकरी जाईल माझी," तो म्हणाला.

"माझा धंदा गेलाच व्हता," सासू म्हणाली. "तवा तू चा पीत व्हतास."

त्याने 'चालकाचा' खोडलं, वर 'गाडीचा' लिहिलं आणि खाली आपलं पूर्ण नाव घातलं.