तपकिरी पंपाला सुट्टी

हलवा

तळाशी बसलेला रंग ढवळला नाही तर पहिला हात नुसत्या थिनरचा बसतो. त्यामुळे ओढायच्या औषधाचा पंपही आधी हलवायचा असतो, हे भैरूला कुणी समजावून सांगावं लागलं नाही.

सन ब्याऐंशी. भोसरीच्या एका कंपनीत भैरू मोटारींच्या सुट्या भागांवर स्प्रे गननं रंग मारतो. दोन वर्षं झाली, टेंपररी. आता तिघांना पर्मनंट करणार आहेत. त्यातली एक जागा रंग खात्यातली आहे आणि ती भैरूची आहे, असं सुपरवायझर लक्ष्मणराव सांगतात. राहिलं फक्त मेडिकल. त्यात छाती तपासतात. काटा असलेल्या यंत्रात फुंकायला लावतात.

भैरूला दमा आहे. कंपनीत कुणाला माहीत नाही.

चिंचवडच्या डॉक्टरांनी दोन पंप दिलेत. निळा दम लागल्यावर घ्यायचा. तपकिरी रोज घ्यायचा, सकाळी दोन दाब, संध्याकाळी दोन दाब, दम असो नसो. डॉक्टर हळू बोलत होते. भैरू मान हलवत होता. बाहेर रांग होती.

निळ्यावर त्याचा जीव आहे. ओढला की पाच मिनिटांत छाती उघडते. तपकिरी ओढला की काही होत नाही. म्हणजे काहीच नाही.

सोडा

मोशीत भैरू आणि त्याची बायको कौशल्या ज्या खोलीत भाड्यानं राहतात, ती नूरबीची. नूरबी साठीची आहे. तिच्याकडेही असाच तपकिरी पंप आहे. तिच्या मुलानं, अजीजनं, कागद वाचून तिला तो शिकवला. आता ती ओट्यावर बसून भैरूला शिकवते.

"आदी आतला वारा सोड. जोर नको लावू, खोकशील. आता दातांच्या मधी धर, ओठ मिट. वढायला लाग, आन् मंग दाब. आदी दाबलास तर समदं जिभेवर बसतंय."

हात आधी, घोडा नंतर. गनचंही हेच. हात चालता झाला की मगच घोडा दाबायचा, नाहीतर एकाच जागी रंग साचून ओघळ येतो. भैरूनं श्वास चालता केला आणि दाबलं. तोंडातून धूर बाहेर आला नाही. श्वास धरला. नूरबीनं बोटांवर दहा मोजले. मिनिटभर थांबून दुसरा दाब.

"आगं बया," नूरबी म्हणाली. "पैल्याच दणक्यात? मला म्हैना लागला रं. अजीज म्हनायचा, अम्मी तू दवा घेत न्हाईस, मिशीला लावतीस."

"चाची, तुमाला मिशी हाय?"

"तुला बगून आलीया. ऊठ, चूळ भर. थुक. गिळू नको. न्हाईतर तोंड येतंय."

दारातून कौशल्या बघत होती. "रोज घ्यायचं का ओ हे?"

"रोज, बाई. बरं वाटलं तरी. ह्याचं काम डोळ्यांला दिसत न्हाई, पर आत चालू असतंय. आन् दम उठला तर ह्याच्या मागं लागायचं न्हाई. तवा निळा. आन् निळ्यानंबी न्हाई भागलं तर दवाखाना, चालत न्हाई, गाडीत."

भैरू म्हणाला, "व्हय." हाताच्या कसबाचं कौतुक झालं होतं. बाकीचं त्यानं ऐकलं, पण कुठं ठेवलं ते त्याला नंतर सांगता आलं नसतं.

ओढा

सकाळी साडेसहा. कंपनीच्या सायकल स्टँडमागं दोन दाब, भिंतीकडे तोंड करून. मग आत. रंग खात्यात शिफ्ट सुरू होताना प्रत्येकाला गुळाचा खडा देतात. गुळानं छातीतला रंग सुटतो म्हणतात. खडा तोंडात, रुमाल नाकावर, गन हातात. शिफ्ट सुटली की पुन्हा स्टँडमागं दोन दाब. चूळ राहते. स्टँडजवळ नळ नाही, आणि सकाळी तोंडात गूळ येतोच.

गूळ आणि पंप. गूळ आणि पंप. महिना गेला. छातीतल्या शिट्ट्या थांबल्या. निळा खिशात पडून राहिला.

गुरुवारी कंपनीला सुट्टी. गुरुवारी गूळ नाही, रंग नाही. भैरू पंपही घेत नाही. त्यानं ठरवलं वगैरे नव्हतं. बूट जसे गुरुवारी घालत नाहीत, तसं ते झालं.

नूरबीला दिसलं ते तोंड. भैरू जांभई देत होता. तिनं त्याची हनुवटी धरून उजेडाकडे केली. जिभेवर, गालांत पांढरे ठिपके.

"चूळ भरत न्हाईस."

"भरतो की."

"मला सांगतोस? दह्याचं भांडं झालंय तुझं तोंड. डाक्टरला दाव."

डॉक्टरांनी तोंडात घालायला थेंब दिले आणि पुन्हा चुळीचं सांगितलं. पंप रोज चालू आहे ना, असं विचारलं. भैरू हो म्हणाला. खोटं बोलतोय असं त्याला वाटलं नाही. त्याच्या हिशेबी रोज म्हणजे कामाचा रोज.

धरा

ज्या मोठ्या कंपनीला माल जायचा तिथं संप झाला. भैरूच्या कंपनीत ले-ऑफ लागला. फाटकावर कागद चिकटवला. पुढची सूचना मिळेपर्यंत काम बंद.

एक.

पहिल्या दिवशी तो सवयीनं साडेपाचला उठला. सायकल पुसली. बसला.

दोन.

छाती स्वच्छ. रंग नाही, म्हणून स्वच्छ, असं तो कौशल्याला म्हणाला. कौशल्या म्हणाली, "मग बरंच हाय की." तपकिरी पंप कोनाड्यात, आरशामागं.

तीन.

देहूला चालत जाऊन आला. इंद्रायणीच्या पाण्यात पाय सोडून बसला. मासे आले, पायाला लागले, गेले. येताना दम लागला नाही. हे त्यानं लक्षात ठेवलं.

चार, पाच.

अजीजच्या सायकल दुकानात पंक्चरं काढली. अजीज म्हणाला, "भैरूभाऊ, पर्मनंट झालास की आमाला वळखशील का?" भैरू हसला. तोंडाचा हसण्याचा भाग हसला.

सहा.

किती दिवस झाले ते त्याला कळत नाही. दिवसांना गुरुवार नाही, म्हणून ते मोजता येत नाहीत. कौशल्या सांगते, अकरा.

नूरबी ओट्यावरून विचारते, "पंप चालू हाय न्हवं?"

"काम बंद हाय चाची."

ती लसूण सोलत होती. सुरी थांबली. "कामाचा काय संबंध?"

"रंगानं होतं ते. रंग न्हाई तर कशाला?"

"माजं काय? मी कुटल्या कंपनीत रंग मारती रं?" नूरबी म्हणाली. "बंद केलास तर आत हळूहळू सुजत जातंय. आज न्हाई कळत. आजच्या आज घे."

त्यानं मान हलवली. आरशामागं हात घातला नाही. बरं वाटत असताना औषध घ्यायचं, म्हणजे न भिजलेलं अंग पुसायचं.

सात.

रात्रीचा कोरडा खोकला. सकाळी एक शिट्टी, बारीक, उजवीकडे. दिवसभर नाही.

आठ

दहा पुरे व्हायच्या आधीच, आठव्या आकड्याला कंपनीचा माणूस सायकलवरून आला. शुक्रवारपासून कामावर. मंगळवारी मेडिकल. सोळा दिवस झाले होते.

शुक्रवारी भैरूनं तपकिरी पंप चार वेळा घेतला. शनिवारी आठ वेळा. राहिलेलं एकदम उरकायचं, ओव्हरटाइमसारखं. रविवारी आवाज घोगरा झाला. सोमवारी छातीत शिट्ट्या होत्या त्या होत्याच. आज घेतला म्हणून आज उतरत नाही, हे नूरबीनं सांगितलं होतं. कदाचित नसेलही सांगितलं.

मंगळवार. मेडिकल अकराला. नऊ वाजता दरवाजांच्या बिजागऱ्यांची खेप. पिवळा रंग. गन चालू.

खोकला.

हात चालता ठेवला. घोडा.

श्वास आत जातोय पण

बाहेर

बाहेर येत नाही. रुमाल काढला. बिजागरीवर ओघळ आला, त्याच्या गनचा ओघळ, दोन वर्षांत पहिला. निळा पंप लॉकरमध्ये आहे. लॉकर भिंतीच्या पलीकडे. बारा पावलं. सहा.

सहा.

लक्ष्मणरावांनी त्याला काखेत धरलं. "काय झालं रे? ए भैरू!" त्याला बोलता येत नव्हतं. त्यानं लॉकरची किल्ली दाखवली. लक्ष्मणरावांनी निळा पंप काढला आणि तो हातात घेऊन त्याच्याकडे बघत राहिले. मग दिला.

भैरूनं हलवला. श्वास सोडला. ओढला. दाबला. सगळं बरोबर झालं. पुन्हा. काही वेळानं पुन्हा.

अकराला नाही, साडेनऊलाच तो कंपनीच्या डॉक्टरांसमोर बसला होता. तरुण डॉक्टर, आठवड्यातून एकदा येणारे. त्यांनी पाठीला नळी लावली. मग यंत्रात फुंकायला लावलं. काटा थोडा हलला. निळ्यानंतर अर्ध्या तासानं पुन्हा फुंकायला लावलं. काटा थोडा पुढं गेला.

"किती दिवसांपासून दमा?"

"तीन वर्षं."

"तपकिरी पंप दिलाय कुणी?"

भैरूनं दोन्ही पंप टेबलावर ठेवले.

"घेऊन दाखव."

त्यानं घेऊन दाखवला. डॉक्टर बघत राहिले. "उत्तम. इतका नीट घेणारा मी पाहिला नाही. मग असं का झालं? रोज घेतोस?"

"कामाच्या दिवशी, साहेब."

डॉक्टरांना ते कळायला वेळ लागला. "आणि ले-ऑफमध्ये?"

"काम नव्हतं."

खिडकीबाहेर कॉम्प्रेसर चालू झाला, बंद झाला.

"ऐक," डॉक्टर म्हणाले. "उद्यापासून रोज चार दाब. सकाळी दोन, संध्याकाळी दोन. चुकला तर चुकला, दुसऱ्या दिवशी जास्त घेऊन भरून निघत नाही. सहा आठवड्यांनी ये, काटा वर गेलेला असेल. आज दुपारी चिंचवडच्या डॉक्टरांकडे जा, दम पुन्हा उठू शकतो." त्यांनी कागदावर लिहिलं. "पण रंग खातं नाही. पंप कितीही नीट घेतलास तरी रंग आत जाणारच. मी लिहितोय, रंग खात्यास अयोग्य. इतर कामास योग्य."

"पर्मनंटची जागा रंगातली हाय साहेब."

"माहीत आहे मला," डॉक्टर म्हणाले, आणि सही केली.

कागद टाइम ऑफिसात द्यायचा होता. मधल्या बोळात लक्ष्मणराव उभे होते. त्यांनी कागद वाचला, घडी करून भैरूच्या खिशात घातला.

"हा देऊ नकोस, राव. पुढच्या मंगळवारी परत मेडिकल लावतो तुझं. त्या दिवशी आधी निळा मारून ये. डॉक्टर शंभर छात्या बघतो, त्याला आठवत नाही. तुझ्या हातासारखा हात माझ्याकडे दुसरा नाही."

"आन् मग?"

"मग काय? पर्मनंट."

"आन् मग, लक्ष्मणराव?"

लक्ष्मणरावांनी रंग खात्याच्या दाराकडे पाहिलं. तिथून पिवळी हवा येत होती. "ते तू बघ," ते म्हणाले.

भैरूनं खिशातला कागद काढला. काही विचार केला असं नाही. छाती वर गेली, खाली आली. तो टाइम ऑफिसच्या खिडकीशी गेला आणि कागद आत सरकवला.

कारकुनानं वाचलं. "पॅकिंगमध्ये टेंपररी जागा आहे. पहिल्या दिवसापासून नवीन धरतील. चालेल?"

"चालेल."

"विचार करून सांग की."

"चालेल म्हटलं."

चिंचवडहून मोशीला पोचायला त्याला संध्याकाळ झाली. डॉक्टरांनी सायकल चालवू दिली नव्हती, बसनं आला. कौशल्या चुलीपाशी होती. तिनं त्याच्या तोंडाकडे पाहिलं, मग रिकाम्या दाराकडे.

"सायकल कुटं हाय?"

"कंपनीत."

"मेडिकल?"

"रंगातून काढलं. पॅकिंगात घेतलं."

"पर्मनंट?"

"न्हाय. परत पहिल्यापासून."

तिनं भाकरी उलटली. एक बाजू करपली होती. "काय करायचं आसतंय तितं?"

"खोकी बांधायची."

"मग बांदा की," कौशल्या म्हणाली आणि दुसऱ्या भाकरीला पीठ घेतलं.