वर्षातून एकदाच फिरवलेली पाटी

मित्रांनो, मी एक जुनी पाटी आहे. तुमच्या शाळेतली नव्हे, दारूच्या दुकानातली. लगेच नाक मुरडू नका. मला घडवलं ते तुमच्याचसाठी, म्हणजे तुम्हाला दुकानाबाहेर ठेवण्यासाठी.

एका सुताराने माझी चौकट केली आणि पेंटरने माझ्या कपाळावर लिहिलं, ‘या तारखेला किंवा त्याआधी जन्मलेल्यांनाच दारू मिळेल.’ खाली तीन खिळे. त्यांवर दिवस, महिना आणि वर्ष यांचे पत्रे अडकवायचे. कायद्याने ठरवलेलं वय ज्यांना आज पूर्ण होतं, त्यांची जन्मतारीख माझ्यावर असायची. उद्या ती एका दिवसाने पुढे सरकायची. डोक्यात आकडेमोड नको. गिऱ्हाइकाचं ओळखपत्र माझ्याशेजारी धरलं की झालं.

दुकानाच्या पहिल्या मालकीणबाईंना सगळे मावशी म्हणत. शटर वर गेलं की आधी माझा पत्रा बदलायचा, मग चहा, असा त्यांचा शिरस्ता. समोरचा तिशीच्या आतला वाटला, तर कार्ड बघितल्याशिवाय त्यांचा हात कपाटाकडे जात नसे. एकदा त्यांच्या सख्ख्या भाच्यालाच दोन दिवस कमी पडले.

“मावशी, दोनच दिवस गं!”

“मग दोन दिवसांनी ये. मी कुठं पळून चाललेय?”

तो महिनाभर त्यांच्याशी बोलला नाही. मावशींनी मात्र फडकं ओलं करून माझी धूळ पुसली. माझं कौतुक झालं ते एवढंच.

पुढे मावशींचे गुडघे गेले आणि काउंटरवर त्यांचा जावई उभा राहू लागला. माणूस वाईट नव्हता, आळशी होता. मला या दोहोंत आता फारसा फरक वाटत नाही. पहिल्याच जानेवारीत त्याने माझ्यावर डिसेंबरची शेवटची तारीख चढवून टाकली.

“रोज कोण हिला फिरवत बसणार? मिटली वर्षभराची कटकट!”

म्हणजे ज्याचं वय डिसेंबरात पुरं होणार, त्यालाही जानेवारीतच बाटली मिळू लागली. दरवर्षी तेच. मी दिवसाढवळ्या खोटं बोलत होते, आणि मला तोंड लपवायलाही जागा नव्हती.

मार्चमधल्या एका दुपारी शेजारच्या औषधवाल्यांची धाकटी आली. परीक्षा संपली होती, मैत्रिणी बाहेर खिदळत होत्या.

“तू औषधवाल्यांची ना? आधी कार्ड दाखव,” जावई म्हणाला.

तिने स्वतःचं, खरंखुरं कार्ड दिलं. जन्म ऑक्टोबरचा, वय पुरं व्हायला सात महिने बाकी. त्याने ते माझ्याशेजारी धरलं. माझ्यावर डिसेंबर होता.

“चालतंय,” तो म्हणाला आणि बाटली दिली.

त्या पोरी एका अर्धवट बांधलेल्या इमारतीत जाऊन बसल्या. जिन्याला कठडा नव्हता. धाकटी दुसऱ्या मजल्यावरून खाली पडली आणि तिच्या पाठीचा कणा मोडला.

संध्याकाळी बातमी कळताच जावयाने बोटांवर महिने मोजले. मग त्याने घाईघाईने माझे पत्रे बदलले. दुसऱ्या दिवशी तपासणी करणारे साहेब आले.

“पाटी तर बरोबर आहे.”

“रोज बदलतो, साहेब. पोरीनं दुसऱ्या कुणाचं तरी कार्ड दाखवलं असणार.”

ती तेव्हा शुद्धीवर नव्हती, मैत्रिणी भिऊन गप्प होत्या. साहेबांनी तसंच लिहून घेतलं. नंतर ती सांगत राहिली की कार्ड तिचंच होतं, पण पाटी बरोबर होती ना! इतक्या वर्षांनी मी खरं बोलले, ते त्याच्या खोट्याच्या कामी आलं. त्याची मला आजही चीड येते.

तेव्हापासून तो मला रोज फिरवतो, भीतीपोटी. ऑक्टोबरमधल्या एका सकाळी माझ्यावर तिची जन्मतारीख आली. औषधवाले चाकाची खुर्ची ढकलत आले. दुकानाला एक पायरी आहे, म्हणून ती बाहेरच थांबली. तिचे वडील आत आले आणि तिचं कार्ड माझ्याशेजारी धरून उभे राहिले.

“काका, आज चालतंय ना?” तिने बाहेरून विचारलं.

जावई पाठ फिरवून बाटल्या पुसत राहिला.

मित्रांनो, मोठेपणी तुमच्यापैकी कुणीतरी अशा काउंटरमागे उभं राहील. पाटी रोज फिरवा, आणि वेळेत फिरवा. काम अर्ध्या मिनिटाचं आहे. मावशी ते चहाच्या आधी करायच्या.