सात फेऱ्या आणि चाळीस उपास

आमचे भावोजी रोज दुपारी प्रेशर कुकर छातीशी धरून जेवणाच्या टेबलाभोवती सात फेऱ्या मारतात, असं ताईने सांगितलं तेव्हा मी आधी कुकरची चौकशी केली. माणसाची चौकशी करायला जास्त धीर लागतो.

"रिकामा असतो का गं?"

"पहिला आठवडा रिकामा होता. आता पाणी भरतात. काल पाचव्या फेरीला सुटला. कुकरला पोचा आलाय, फरशीचा टवका उडालाय, आणि विचारलं तर म्हणतात, मांजर आडवं आलं."

"तुमच्याकडे मांजर कुठे आहे?"

"तेच तर!"

भावोजी घड्याळजी. वय एकोणऐंशी. दहा महिन्यांपूर्वी दाढी करता करता त्यांच्या उजव्या हातातून वस्तरा गळून पडला होता. डॉक्टर त्याला मेंदूचा झटका म्हणाले, भावोजी अपचन म्हणाले, आणि घराबाहेर अपचनच जाहीर झालं. तेव्हापासून दुकानात घड्याळं त्यांचा मुलगा उघडतो आणि भावोजी गिऱ्हाइकांना किती वाजले ते सांगतात.

आणि येत्या रविवारी आमच्या नव्या सिनेगॉगची, म्हणजे आम्हा ज्यूंच्या प्रार्थनामंदिराची, प्रतिष्ठापना होती.

जुन्या इमारतीचं छत बेचाळीस वर्षांपूर्वी खाली यायला निघालं, तेव्हा आतली तोरा भावोजींनीच बाहेर आणली होती. तोरा म्हणजे आमचा पवित्र ग्रंथ. चामड्यावर हाताने लिहिलेला, दोन लाकडी दांड्यांवर गुंडाळलेला, आणि चांदीच्या मुकुटासकट चौदा किलोंचा. दाराशी त्यांचे वडील उभे होते. ते म्हणाले, "बाहेर तू आणलीस, आता आत न्यायचीही तूच." पुढे ती तोरा एका छापखान्यावरच्या भाड्याच्या खोलीत राहिली आणि आम्ही बेचाळीस वर्षं यंत्रांच्या धडधडीवर प्रार्थना म्हटल्या. वडील गेले. त्यांचा शब्द काही गेला नाही.

"तू समितीत आहेस ना?" ताई म्हणाली. "रब्बींच्या कानावर घाल. दुसऱ्या कुणाला तरी द्या म्हणावं."

"भावोजी मग माझ्याशी बोलणार नाहीत."

"माझ्याशी तरी कुठे बोलतात? मला मांजर सांगतात."

मी रब्बींना, म्हणजे आमच्या धर्मगुरूंना, काहीच सांगितलं नाही. बेकरीवाल्याला तेवढं सांगितलं, तेही अगदी खासगीत. बेकरीवाल्याने ते प्रत्येक पावाबरोबर खासगीत सांगितलं.

आता आमच्याकडची एक रीत सांगायला हवी. तोरा हातातून जमिनीवर पडली, तर ज्याच्या हातून पडली त्याने चाळीस दिवस उपास करायचा. सूर्य मावळेपर्यंत पाण्याचा घोटही नाही. आणि ज्यांनी ती पडताना पाहिली, त्यांनीही. ज्यांनी पाहिली नाही त्यांचं काय, याबद्दल रीत गप्प आहे. त्या गप्प जागेत आमची अख्खी मंडळी शुक्रवारपर्यंत जाऊन बसली. कुणाला एकाएकी खांबामागची खुर्ची आवडू लागली. कुणी नव्या छताच्या नक्षीची फार तारीफ करू लागलं. समितीचे अध्यक्ष दातांचे डॉक्टर. त्यांनी रविवारी काळा चष्मा लावणार असल्याचं जाहीर केलं. डोळे आलेत म्हणाले.

पण भावोजींना थांबा असं कुणीच म्हटलं नाही. ते वाईट दिसलं असतं.

एकटा शिंपी तेवढा वेगळं बोलला. बेकरीत सगळ्यांसमोर म्हणाला, "मी बघणार."

"अहो, चाळीस दिवस!" बेकरीवाला म्हणाला. "साखर आहे तुम्हाला."

"साखर माझी आहे. मी बघणार."

सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिलं, कारण शिंपी आणि भावोजी अकरा वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते. लहानपणी एका बाकावर बसलेले हे दोघे. तोरा वाचताना वाचणाऱ्याचा उच्चार चुकला, तर ऐकणाऱ्याने तिथल्या तिथे मोठ्याने दुरुस्त करायचा, असा आमच्याकडे नियमच आहे. एका शनिवारी शिंप्याने भावोजींना तीनदा दुरुस्त केलं. तिन्ही वेळा त्याचं बरोबर होतं, म्हणून तर ते जास्त लागलं. भावोजी वाचनाच्या चौथऱ्यावरून खाली उतरून म्हणाले, "फाटलेलं शिवायचा धंदा तुझा, आणि तू शिवलेलं उसवतोस." त्या दिवसापासून दोघे प्रार्थनेला पाठीला पाठ लावून बसत.

तोरेवर चढवायचा नवा मखमली झगाही शिंप्यानेच शिवला होता. बायकांची त्याला नावं ठेवून झाली होती. मखमल उलटी कापलीय, लव खाली जाते, रंग फिका दिसतो. चांगल्या शिंप्याने अशी चूक करावी!

शनिवारी छापखान्यावरच्या खोलीतली शेवटची प्रार्थना झाली. रब्बी म्हणाले, "उद्या संध्याकाळपर्यंत ती नवी जागा म्हणजे नुसती खोली आहे. वायरमनने तिथे डबा खाल्ला, दुपारी झोपही काढली, काही बिघडलं नाही. पण देवाने 'माझ्यासाठी घर करा, मी त्या घरात राहीन' असं कुठे म्हटलंय? 'मी तुमच्यात राहीन' म्हटलंय. पहिल्या पवित्र पेटीवर दोन पंखवाल्या आकृत्या होत्या, समोरासमोर. देवाचा आवाज यायचा तो त्या दोघांच्या मधल्या रिकाम्या जागेतून."

बेकरीवाल्याच्या नातीने विचारलं, "आणि त्यांनी तोंडं फिरवली तर?"

"मग शांतता," रब्बी म्हणाले.

मी सवयीने भावोजींकडे पाहिलं. ते खिडकीकडे बघत होते. शिंपी दाराकडे.

रविवारी चार वाजता आम्ही निघालो. चार काठ्यांवर ताणलेलं पांढरं छत, त्याखाली भावोजी, त्यांच्या छातीशी तोरा. मागची उजवी काठी माझ्याकडे होती. काठी धरली की माणूस वर बघतो, म्हणून ती मी मागून घेतली होती, हे इथे कबूल करून टाकतो.

रस्ता तीनशे पावलांचा. तोरेच्या मुकुटाला बारीक घुंगरं असतात. निघताना ती पावलागणिक एकदा वाजत होती. चौकापर्यंत येता येता दोनदा वाजू लागली. पायऱ्यांपाशी तर एकसारखी थरथरायला लागली. डोळे मिटता येतात, चष्मा लावता येतो. कानांचं काही करता येत नाही. भावोजींचा हात किती कापतोय ते अख्ख्या गल्लीला ऐकू येत होतं.

"भावोजी, जरा टेकता का?" मी छताकडे बघत पुटपुटलो.

"काठी सरळ धर," ते म्हणाले.

दारात शिंपी उभा होता. अगदी मधोमध. भावोजी उंबऱ्याशी आले तरी तो हलला नाही. मग पाठमोरा होण्याऐवजी उलट्या पावलांनी आत सरकू लागला. तोंड भावोजींकडे, नजर त्यांच्या हातांवर. मला रागच आला. माणसाने किती टपून बसावं!

मधल्या चौथऱ्याभोवती सात फेऱ्या घालायच्या आणि मग तोरा समोरच्या भिंतीतल्या कपाटात ठेवायची, असा विधी. रब्बींनी गायला सुरुवात केली. वर सज्जात बायका. ताईने तोंडावर हात धरले होते, पण बोटं फाकलेली होती.

पहिली फेरी. दुसरी. शिंपी उलटा चालतोय, भावोजी सुलटे, आणि दोनशे माणसं छताच्या नक्षीत गुंग. तिसऱ्या फेरीला भावोजींचा श्वास मला ऐकू यायला लागला. चौथीला घुंगरांचा आवाज गाण्याच्या वर गेला. पाचवी. माझ्या डोळ्यांपुढे कुकर आला. चौथऱ्याच्या कोपऱ्यावर नव्या सतरंजीची कड उचललेली होती.

बूट अडखळल्याचा आवाज आला आणि घुंगरं एकदम थांबली.

दोनशे माणसांनी श्वास रोखला. एकानेही मान खाली केली नाही. आम्ही सगळे धपकन आवाज होण्याची वाट बघत होतो.

तो आलाच नाही. मी शेवटी खाली पाहिलं. भावोजी पुढे झुकले होते, उजवा हात सुटून बाजूला लोंबत होता, तोरा त्यांच्या डाव्या दंडाला कशीबशी चिकटून होती; आणि शिंप्याचे दोन्ही तळवे खालून तोरेच्या दांड्यांना लागलेले. त्याने ती ओढून घेतली नाही. नुसती बोटभर वर उचलली आणि भावोजींचा हात परत जागेवर येईपर्यंत तशीच धरून ठेवली.

"चल," शिंपी म्हणाला. अकरा वर्षांतला पहिला शब्द.

सहावी आणि सातवी फेरी अशीच झाली. दोघे समोरासमोर, मधे तोरा, एक पुढे चालतोय, एक मागे. रब्बी गाता गाता एक ओळ विसरले. शिंप्याने चालता चालताच ती दुरुस्त केली.

कपाटापाशी पोचल्यावर भावोजींनी तोरा स्वतः आत ठेवली. शिंप्याचा हात फक्त खाली होता, टेकू म्हणून. वरचा अखंड दिवा लावला. त्या क्षणापासून ती खोली उरली नाही. आता तिथे कुणालाही डबा खाता येणार नव्हता. लोक हळूहळू माना खाली आणू लागले. अध्यक्षांनी चष्मा काढला. त्यांचे डोळे ठणठणीत होते.

भावोजी कपाटाच्या दाराला टेकून दम घेत होते. झग्यावरून हात फिरवत म्हणाले, "मखमल उलटी कापलीस."

"लव वर असती तर तोरा तुझ्या हातातून सटकली असती," शिंपी म्हणाला. "खाली असली की अडते. एक क्षण तरी अडते. तेवढा पुरला."

"तुला कधी कळलं?"

"मागच्या हिवाळ्यात. डाव्या हाताने टोपी घालायला लागलास."

भावोजींनी उजव्या हाताने टोपी नीट केली. मग म्हणाले, "अपचन होतं."

"असेल," शिंपी म्हणाला आणि त्यांच्या शेजारच्या खुर्चीत जाऊन बसला.

तोरा पडलीच नाही, त्यामुळे उपास कुणालाच लागू झाला नाही. प्रसादासारखी ती बातमी सगळे एकमेकांना वाटत होते. सोमवारी मी मात्र सूर्य मावळेपर्यंत पाणीसुद्धा घेतलं नाही. ताईने विचारलं, काय रे, जेवला का नाहीस?

"अपचन," मी म्हणालो.