देवी सातव्या घरी कधी?

आश्विनातले पीतकोमल ऊन. पिकल्या भाताची सुवर्णभारनम्र खाचरे, सुपारीच्या बागेत पाटाच्या पाण्याची मंद मंद कुजबुज, आणि बागेच्या कडेने ओळीने वसलेली गोवंड्यांची अकरा घरे. घरे अकरा, कुलदेवी मात्र एकच. रजतमुखी, प्रसन्ननयना, आणि कायमची फिरतीवर. दर दसऱ्याला ती शेजारच्या घरी जाई, वर्षभर राही. अकरावे घर झाले की पुन्हा पहिल्या घरी येई.

सातव्या घरचे नरहरअण्णा एक्याऐंशी वर्षांचे. देवी घरात येते त्या संध्याकाळची आरती त्यांच्या हातून कधीच झाली नव्हती. आधी तो मान थोरल्या बंधूंचा. मान अण्णांकडे आला त्या साली अण्णा कंबर मोडून इस्पितळात, आणि आरती केली चुलतभावाने. वर ती किती सुरेख झाली हेही त्यानेच येऊन सांगितले. अण्णांना ते अजून लागते.

यंदा देवी तिसऱ्या घरी होती. पुढचे बोटांवर मोजता आले असते, पण मोजायचे धाडस अण्णांना होईना. म्हणून त्यांनी नातीला विचारले. घनकुंतला, चष्माधारिणी ऋजुता शहरात संगणकावर संशोधन करी. तिचे यंत्र म्हणे थोडे सांगितले की उरलेले स्वतः ताडते. तिने त्याला दोनच गोष्टी सांगितल्या: यंदा तिसरे घर, आणि दर वर्षी पुढचे घर. मग विचारले, सातव्या घरी कधी?

यंत्र सत्यवचनी निघाले. चौथ्या वर्षी, म्हणाले. पंधराव्या वर्षी. सव्विसाव्या वर्षी. सदतिसाव्या वर्षी. पडदा भरला, वाहिला, पुन्हा भरला. तीनशे चौतिसाव्या वर्षीही देवी येणार हे ऐकून अण्णा सुखावले, आणि त्या साली चुलतभावाच्या वंशातले कोणी आडवे येईल का, या काळजीत पडले.

"हे संपायचंच नाही, आजोबा," ऋजुता कपाळाला हात लावून म्हणाली. "देवी येतच राहणार, म्हणून उत्तरही येतच राहणार."

अण्णांची सारी नोकरी एस.टी.च्या आगारात, वेळापत्रक लावण्यात गेलेली. "अगो, आम्ही काय फलकावर साऱ्या गाड्या लिहीत बसलो? पहिली गाडी सहाला, तिथून दर अर्ध्या तासाने. लोकांना तेवढ्यात कळतं हो."

ऋजुताने यंत्र पुढ्यात ओढले. मग तासभर खाली मान घालून टंकत बसली. यंत्र आता दोनच ओळी बोलले. पहिल्यांदा चौथ्या वर्षी. तिथून दर अकरा वर्षांनी. त्या दोन ओळींत अनंत काळ ऐसपैस मांडी घालून बसला होता.

"दुसरी ओळ तुम्हा पोरांची," अण्णा म्हणाले. "माझी पहिली."

एक्याऐंशी आणि चार. पंच्याऐंशी. भीती वाटली होती तेवढे ते लांब नव्हते.

काठी भिंतीला टेकवून, खांब धरून अण्णा उभे राहिले. उतरत्या, केशरकांत उन्हात त्यांनी रिकामा उजवा हात ओवाळला. पहिले वर्तुळ थरथरले. दुसरे थोडे कमी थरथरले. तिसरे, सावकाश, सावकाश, पुरे गोल झाले.