झोपाळ्याखालची जमीन

लग्नाला दोन वर्षं झाली तरी सासरच्या गोतावळ्यात तिचं नाव ‘नवी’च होतं. नवऱ्याची आधीची बायको घटस्फोटानंतर गावाच्या दुसऱ्या टोकाला राहत होती. तिला सगळे ‘पहिली’ म्हणत. पहिलीची सात वर्षांची मुलगी भिंगरी दर रविवारी बापाकडे यायची आणि नवीला ‘मावशी’ म्हणायची.

नवरा मोटारींच्या शोरूममध्ये विक्रीला होता. जीभ अशी गोड, की गाडी न घेता निघालेलं गिऱ्हाईकही त्याचेच आभार मानून जाई. एकदा त्यानं कुणाचा तरी वापरलेला झोपाळा आणला, शिडी आणि घसरगुंडीसकट, आणि मागच्या अंगणात उभा केला. भिंगरी दिवसभर त्यावरून हलली नाही. संध्याकाळी पडली आणि गुडघा सोलवटून घेतला.

पुढच्या रविवारी ती आली नाही.

“तिची आई म्हणते, जमीन दगडासारखी आहे,” नवरा म्हणाला. “खाली काहीतरी मऊ घाला, मगच पाठवीन.”

यात वावगं काय, असं नवीलाही वाटलं. ती पडद्यांच्या दुकानात शिलाईला होती. कामावरून आल्यावर रोज थोडं थोडं खणून तिनं माती काढली, वाळू मागवली, घमेल्यानं वाहून पसरली. आजूबाजूच्या मांजरांना जणू आमंत्रणच गेलं. नवऱ्यानं दुसऱ्याच दिवशी निरोप आणला : मांजरांच्या घाणीत ती मुलीला खेळू देणार नाही.

नवीनं वाळू उपसली. वखारीतून लाकडाची सालपटं आणून वीतभर थर दिला. त्यावर निरोप आला, की कुसं टोचतील.

“तिचं तसंच गं,” नणंद म्हणाली. “नाकावर माशी बसू देत नाही. तुला नाचवायला तिला बरं निमित्त मिळालंय.”

ते नवीच्या मनात पक्कं बसलं. शिलाई मशीनवर पाय चालायचा आणि ती मनातल्या मनात पहिलीच्या सात पिढ्यांचा उद्धार करायची. तरी शेवटचं म्हणून रबराच्या जाड लाद्या आणल्या आणि गुडघ्यांवर बसून सांध्याला सांधा जुळवून बसवल्या. वरून स्वतः उडी मारून पाहिली. पाय अलगद टेकले.

“रबर उन्हात तापतं म्हणते,” नवरा बूट काढत म्हणाला.

मग मात्र तिचं डोकं फिरलं. नणंदेकडून नंबर घेऊन तिनं पहिलीला फोन लावला.

“एकदाच काय ते सांगून टाका,” ती म्हणाली. “वाळू नको, सालपटं नकोत, रबर नको. मग घालू तरी काय? गाद्या?”

“कसलं रबर?” पहिलीनं विचारलं. “मी कशाला काय नको म्हणेन? पोरगी दर शनिवारी पिशवी भरून बसते. तो सांगतो, अंगणाचं काम अजून व्हायचंय. तुम्हाला काही पसंतच पडत नाही म्हणे. मी तर तुम्हाला रोज...” ती थांबली. “जाऊ दे. काय काय बोलले ते सांगत नाही.”

“मीही नाही सांगत,” नवी म्हणाली.

रात्री जेवताना तिनं विचारलं. तो चिडला नाही, ओशाळलाही नाही.

“अगं, आठवडाभर गिऱ्हाइकांची तोंडं बघायची, आणि रविवारी पुन्हा ‘बाबा हे बघा, बाबा ते बघा’! माणसाला विसावा नको? आणि मी कुणाला नाही म्हटलंय का? कुणाचं मन दुखावलंय?”

“मग झोपाळा कशाला आणलात?”

“हौस होती,” तो म्हणाला आणि भाजी वाढून घेतली.

त्या रविवारी नवी स्वतः बसनं जाऊन भिंगरीला घेऊन आली. त्यानं पोरीला चार झोके दिले. मग फोन वाजला, आणि तो बोलत बोलत बाहेर गेला तो गेलाच.

भिंगरीनं पायाच्या बोटानं रबर दाबून पाहिलं.

“मावशी, आता पसंत पडलं ना तुला?”

नवीच्या जिभेवर खरं काय ते आलं होतं. पोरीच्या तोंडाकडे बघून तिनं ते गिळलं.

“हो गं. माझंच लांबलं जरा.”

“किती लांबवलंस!” भिंगरी रागानं म्हणाली आणि पाठ फिरवून झोपाळ्यावर बसली.

त्यानंतर ती आणखी दोन-तीनदा आली. प्रत्येक वेळी बापाला नेमकं तेव्हाच बाहेर काम निघालं. मग पहिलीचाच फोन आला, की पोरगी नको म्हणतेय, बळजबरी करवत नाही.

महिन्याभरात नवऱ्यानं झोपाळ्याला गिऱ्हाईक शोधलं. एक तरुण जोडपं आलं, कडेवर बाळ घेऊन.

“लेकीसाठी किती जिवापाड केलं होतं हो,” तो त्यांना सांगत होता. “वाळू घालून पाहिली, सालपटं घातली, शेवटी हे रबर. लागायला नको पोरीला!” बोलता बोलता त्याचे डोळे पाणावले. बाळाच्या आईचेही डोळे भरले.

नवी दारात उभी राहून त्याच्याकडे बघत होती. तो नाटक करतोय असं तिला आधी वाटलं. पण डोळे खरोखरच ओले होते, आणि त्याच्या लेखी यातलं अक्षरन् अक्षर खरं होतं. ती आत गेली आणि तिनं दार लावून घेतलं.