जळक्या थराची रेघ

"ही भिंत उद्या सकाळी काढायची," मॅडम वरून म्हणाल्या. "आठला दोन माणसं लावा, मिस्त्री. शुक्रवारी समितीचे लोक पाहणीला यायच्या आत दोन्ही खड्डे एक झाले पाहिजेत."

मिस्त्री खड्ड्याच्या तळाशी उकिडवे बसले होते. त्यांनी मान डोलावली, पण ते उठले नाहीत. हातातली कर्णी त्यांनी उगाचच पायजम्याला पुसली, परत पुसली.

"ऐकू आलं ना?"

"आलं, मॅडम."

उत्खननात दोन खड्ड्यांच्या मधे हातभर जाडीची मातीची भिंत मुद्दाम न खणता ठेवलेली असते. खालून वरपर्यंत कुठला थर कशावर बसला, ते तिच्या अंगावर वाचता येतं. सगळं मोजून, कागदावर उतरवून झालं की ती पाडतात. पाडली की मग फक्त कागद उरतो. मिस्त्रींनी एकतीस वर्षांत अशा किती भिंती पाडल्या त्याची गणती नव्हती. एकीनेही त्यांची झोप उडवली नव्हती.

या कामावर ते आले ते मातीच्या पाट्या वाहायला. पुढे कोणीतरी हातात कर्णी दिली आणि लक्षात आलं, की या माणसाला मातीतला फरक दिसतो. तपकिरी कुठं संपते आणि राखाडी कुठं सुरू होते, उंदराचं जुनं बीळ कुठलं आणि माणसानं खणून बुजवलेला खड्डा कुठला, हे ते नुसतं बघून सांगत. बुटांना माती लागू न देणारे साहेबसुद्धा खड्ड्यात उतरले की आधी विचारत, "मिस्त्री, बदलला का थर?" मॅडम तर नव्या विद्यार्थ्यांना सांगत, पुस्तकं नंतर वाचा, आधी यांच्या शेजारी आठवडाभर बसा.

या टेकाडावर माणसं दोनदा राहून गेली होती. खाली गोल घरं, चूल मधोमध. वर चौकोनी घरं, चूल भिंतीला लागून. आणि दोन्हींच्या मधे चार बोटं जाडीचा जळक्या मातीचा काळा थर. मॅडमचं म्हणणं असं, की ही दोन वेगवेगळी माणसं. दुसरी आली, त्यांनी पहिल्यांची वस्ती जाळली आणि वर आपली बांधली. तीन आठवड्यांपूर्वी त्या काळ्या थराच्या खाली, अगदी भिंतीला चिकटून, मातीच्या सात मूर्ती सापडल्या. वीतभर उंचीच्या बायका, पाठीवर ओळीनं निजवलेल्या, सगळ्यांची डोकी एका बाजूला, वर एक चपटा दगड. जळालेल्या वस्तीखाली कायमच्या गाडल्या गेलेल्या जुन्या देवता, नव्या लोकांना ज्यांचा पत्ताही नव्हता, असं मॅडमनी लिहिलं. पेपरात फोटोसुद्धा आला.

त्या मूर्ती मिस्त्रींनीच काढल्या होत्या. त्या दिवशी बोटांना काहीतरी वेगळं लागलं होतं. आजूबाजूची माती इतकी घट्ट, की कर्णी टणकन वाजावी. मूर्तींवरची मात्र भुसभुशीत, चिमटीत सुटून येणारी. म्हणजे ती कधीतरी उकरून परत लोटलेली असणार. त्यांनी कड शोधली. डोळे बारीक करून, मान तिरकी करून शोधली. सगळी माती एकाच रंगाची दिसली. दोन वर्षं झाली, रंग असेच एकमेकांत मिसळायला लागले होते.

"वरून खणलेला खड्डा वगैरे दिसतोय का?" मॅडमनी विचारलं होतं.

"नाही," मिस्त्री म्हणाले होते. त्यात खोटं काही नव्हतं. दिसत नव्हता.

खोटं झालं ते दहा दिवसांनी. नकाशे काढणारा, ज्याला सगळे लंबू म्हणत, तो फळी-कागद घेऊन भिंतीसमोर बसला. त्याच्या रिवाजाप्रमाणे म्हणाला, "मिस्त्री, कर्णीनं रेघा ओढून द्या, मी उतरवतो." काळ्या थराची रेघ ओढताना मधेच कर्णी हातभर अंतर लोण्यातून गेल्यासारखी गेली, आणि पुढे पुन्हा कुरकुरायला लागली. त्या क्षणी त्यांना कळलं, की थर इथं तुटलाय. कोणीतरी वरून, आगीनंतर, हा काळा थर फोडून खाली खणलंय. बुजवताना तीच जळकी माती परत लोटली, म्हणून पट्टा वरवर अखंड वाटतोय. कळलं, आणि हात थांबला नाही. रेघ सरळ गेली. लंबूनं ती उतरवून घेतली.

तेव्हापासून त्यांचं कशात चित्त नव्हतं. बसमधून दोन थांबे आधीच उतरत आणि घरापर्यंत चालत जात. चांगला असलेला नळ त्यांनी खोलून परत बसवला.

भिंत काढायचं ठरलं त्या संध्याकाळीही घरात आल्यावर ते खिडकीपासून दारापर्यंत आणि दारापासून खिडकीपर्यंत फिरत राहिले. बायको शिवणयंत्रावर होती. लोकांच्या कपड्यांची उसवलं-फाटलं, आखूड-लांब अशी कामं ती घरी करत असे.

"बसा तरी, नाहीतर निदान कामाला या," ती म्हणाली. "ते राखाडी रीळ द्या."

मिस्त्रींनी डब्यातलं रीळ उचलून दिलं. तिनं ते हातात घेतलं, बघितलं आणि मांडीवर ठेवलं.

"हे तपकिरी आहे."

"अंधारलंय ना आता."

"दिवा लावलाय, अहो." तिनं यंत्राचं चाक हातानं थांबवलं. "दोन महिने झाले, मी रिळांना चिठ्ठ्या लावायच्या विचारात आहे. तुम्ही स्वतःहून बोलाल म्हणून थांबले. परवा त्या वकिलाच्या काळ्या पँटला निळी टीप पडता पडता राहिली. तो काही तुम्हाला बोलला नसता, मलाच बोलला असता."

मिस्त्री हसले नाहीत. खुर्ची ओढून तिच्यासमोर बसले आणि सगळं सांगितलं. मूर्ती, भुसभुशीत माती, रेघ. उद्या भिंत पडणार, तेही.

"मग सांगून टाका मॅडमना."

"सांगितलं की मला खड्ड्यात उतरू देणार नाहीत. कसं देतील? मीही दिलं नसतं." ते पुन्हा उठले. "एकतीस वर्षं मी तेवढंच करतोय गं. बाकी मला येतं काय?"

तिनं तपकिरी रीळ परत डब्यात ठेवलं. मग म्हणाली, "एक विचारू? रागवू नका. त्या बाहुल्या खालच्यांच्या की वरच्यांच्या, यानं कोणाचं काय अडतं? जाऊन हजारो वर्षं झाली त्यांना."

"कोणाचंच अडत नाही." मिस्त्री खिडकीशी थांबले. "पण मी हातानं काढल्यात त्या. एकीचा हात मोडला होता, तो ओल्या मातीनं जोडला होता कोणीतरी. मग ओळीनं निजवल्या, वर दगड ठेवला, माती लोटली. एवढं केलं त्या वरच्यांनी. आणि आपण लिहून बसलो, की यांनी जाळलं म्हणून. कोण येणार आहे त्यांच्या बाजूनं बोलायला?"

बायकोनं यंत्रावरचं कापड बाजूला केलं. "सकाळी लवकर निघा मग. आठच्या आत पोचाल. आणि त्यानंतर डोळ्यांच्या दवाखान्यात जायचं, मी येते बरोबर. तिथं मात्र सरळ रेघ ओढू नका."

सकाळी मिस्त्री पोचले तेव्हा दोन मजूर फावडी घेऊन भिंतीपाशी उभे होते. एकानं वरची वीतभर माती उतरवलीही होती.

"थांबा," मिस्त्री शिडीवरूनच म्हणाले. "मॅडम येईपर्यंत हात लावू नका."

मॅडम आल्या त्या घाईतच. "काय झालं? का थांबवलंत?"

मिस्त्रींनी रात्रभर जी वाक्यं जुळवली होती त्यातलं एकही तोंडात आलं नाही. ते म्हणाले, "मॅडम, मला रंग दिसत नाहीत."

"म्हणजे?"

"दोन वर्षं झाली. आधी थोडे, आता बरेच. मूर्तींच्या वर खड्डा होता. मला दिसला नाही. नंतर रेघ ओढताना हाताला कळला, तरी मी सरळ ओढली."

मजुरांनी एकमेकांकडे बघितलं आणि ते शिडी चढून वर गेले. लंबू वर काठावर उभा होता, तोही मागे सरकला.

"पाणी आणा," मॅडम म्हणाल्या.

लंबूनं फवाऱ्याचा डबा खाली दिला. मिस्त्रींनी भिंतीवर बारीक पाणी मारलं, मग बोटांनी चाचपत कर्णीच्या टोकानं दोन जागी खुणा केल्या. "या दोन खुणांच्या मधे बोट घालून बघा. आणि मग बाहेर."

मॅडमनी बोट दाबलं. माती आत गेली. खुणेबाहेर दाबलं, नख दुखलं. तोवर पाणी मुरलं आणि भिंतीवर ती कड हळूहळू उमटली. मॅडमनी बोटानं ती हवेत गिरवली: काळ्या पट्ट्याच्या वरून निघालेली, त्याला फोडून खाली उतरणारी, तळाशी गोल झालेली. मिस्त्रींना ती तरीही दिसली नाही. मॅडमच्या बोटावरून कळली.

"दहा दिवस," मॅडम म्हणाल्या. आवाज चढला नव्हता. "दहा दिवस तुम्ही रोज माझ्यासमोर चहा पीत होतात. माझा लेख गेलाय छापायला. उद्या समितीसमोर मी हेच सांगणार होते. का नाही बोललात?"

"कर्णी काढून घ्याल म्हणून."

मॅडम शिडीच्या खालच्या पायरीवर बसल्या. मग जरा वेगळ्याच सुरात, स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाल्या, "म्हणजे आगीनंतरच्यांनी ठेवल्या. त्यांना ठाऊक होत्या या. कदाचित दुसरी माणसं आलीच नसतील. तीच परत आली असतील, घरं नव्या पद्धतीनं बांधली असतील. किंवा आलीही असतील दुसरी, पण आधीच्यांचे देव त्यांनी टाकले नाहीत."

"ते मला कळत नाही," मिस्त्री म्हणाले. "नीट ठेवल्या होत्या, एवढं कळतं."

दुपारी मॅडमनी खोदकामाची नोंदवही उघडली आणि जुन्या नोंदीखाली नवी लिहायला घेतली. लिहिलेलं वाचून दाखवलं: 'खोदणाऱ्याच्या नजरेतून खड्ड्याची कड सुटली.'

"माझं नाव घाला त्यात," मिस्त्री म्हणाले.

"नावाची गरज नसते, मिस्त्री."

"एकतीस वर्षं चांगलं सापडलं की मॅडम, साहेब, सगळे कौतुकानं माझं नाव सांगायचे. आता नाही घातलं तर इथल्या दुसऱ्या कोणावर तरी जाईल. आणि रेघ जाणूनबुजून सरळ ओढली, तेही लिहा."

मॅडमनी पेन थांबवलं, त्यांच्याकडे बघितलं आणि लिहिलं. लंबूनं आपला कागद काढला आणि काळी रेघ खोडरबरानं हातभर पुसली.

भिंत पडली नाही. शुक्रवारी मॅडमनी समितीच्या लोकांना तिच्यासमोरच उभं केलं आणि आपण लिहिलेलं चुकलं असं सांगितलं. एकानं खोचकपणे विचारलं, की आता पेपरवाल्यांना काय सांगणार. "हेच," मॅडम म्हणाल्या. छापायला गेलेला लेख त्यांनी परत मागवला होता. पुढचा आठवडाभर त्या मिस्त्रींशी कामापुरतंसुद्धा बोलल्या नाहीत.

दवाखान्यात डॉक्टरनं काचबिंदू सांगितला; डोळ्याची नस सुकत चालल्यानं रंगही ओळखू येईनासे झाले होते. जेवढं गेलं ते परत येणार नाही, म्हणाला. आहे तेवढं थेंब घालून राखता येईल. "इतके दिवस कसं चालवलंत?" त्यानं विचारलं. उत्तर बायकोनं दिलं, "अंदाजानं."

त्यानंतर ते खणून निघालेला माल ठेवायच्या छपरीत बसू लागले. धुतलेली खापरं जाडी-बारीक, गुळगुळीत-खरबरीत अशी हातानं वेगळी करायचं काम होतं. ते त्यांना जमत होतं. पण दर पाच-दहा मिनिटांनी उठून ते दारापर्यंत जात, खड्ड्यांकडे तोंड करून उभे राहत आणि परत येत. खापरं धुणाऱ्या बायका म्हणत, "मिस्त्री, बसा की, पळून नाही जात टेकाड."

हंगाम संपला. खड्डे बुजवायचे होते. बुजवण्याआधी तळाला प्लास्टिकचा कागद अंथरतात, म्हणजे पुढे कधी कोणी खणलं तर कळावं, की इथपर्यंत आधी कोणीतरी येऊन गेलंय. मॅडम छपरीच्या दारात आल्या.

"कागद तुम्ही अंथरता का?"

मिस्त्री शिडीवरून उतरले, पायानं एकेक पायरी चाचपत. चपला काढून त्यांनी निळा कागद तळावर पसरला. गुडघ्यांवर बसून मधून कडेकडे तळहातानं सगळ्या सुरकुत्या काढल्या. चारी कोपऱ्यांवर दगड ठेवले. एक दगड उचलून जरा सरकवला. मग चपला हातात घेऊन, कागदावर पाऊल न टाकता, कडेकडेनं शिडीपर्यंत आले आणि वर चढले.

पहिली पाटी रिकामी झाली. कागदावर माती ताडताड वाजली. दुसरी वाजली, तिसरी वाजली. मिस्त्री काठावर उभे राहून ऐकत होते. आठव्या की नवव्या पाटीला आवाज बदलला. कागद झाकला गेला होता, माती मातीवर पडायला लागली होती. मग त्यांनी वाकून चपला पायात घातल्या.