ड्रुइड आणि कुऱ्हाड

माझी ड्रुइड अवधूतनं एका वाक्यात संपवली. जीव घेतला असता तर परवडलं असतं. "तिनं लोखंड हातात घेतलं, ती आता ड्रुइड राहिली नाही," एवढं बोलून त्यानं शांतपणे चहाचा कप उचलला.

हे सगळं खेळातलं, पण माझा राग खरा होता. मलकापुरात अब्बांच्या दुकानाच्या माडीवर आम्ही चौघं दर रविवारी दुपारी जमतो. टेबलाभोवती बसून, फासे टाकत, तोंडानं गोष्ट पुढं न्यायची, असा हा खेळ. ज्याच्या त्याच्या पात्राची विद्या आणि हत्यारं ज्याच्या त्याच्या कागदावर लिहिलेली. अवधूत वाईहून येतो. खेळातलं जग त्याचं, तिथले राजे, नद्या आणि नियम त्यानंच रचलेले. पलूसहून मयूरी येते, ती चोर. माझा चुलतभाऊ रिजवान योद्धा. आणि मी ड्रुइड, म्हणजे रानाची राखणदार. लांडग्याचं रूप घेणारी, झाडांशी बोलणारी. सावरी तिचं नाव, चार वर्षं मी तिला वाढवली. औषधाच्या दुकानात दिवसभर लोकांची बोलणी खाते ना, तेव्हा रविवारी आपण लांडगा होणार आहोत या एका विचारावर माझा आठवडा निघतो.

झालं असं. पूर आलेल्या नदीत रिजवानचा योद्धा एका खडकावर अडकला. पाणी चढत होतं. काठावर देवराई होती आणि तिच्यातलं सगळ्यात जुनं झाड नेमकं नदीवर कललेलं. रिजवानची कुऱ्हाड काठावर राहिली होती. मी ती उचलली, झाड पाडलं, त्याचा पूल झाला आणि रिजवान वाचला. मयूरीनं टाळ्या वाजवल्या. अवधूतनं मात्र हा नियम काढला.

"का पण? लोखंड का चालत नाही?" मी विचारलं.

"ड्रुइडांचं असंच असतं, अर्फा."

'असंच असतं' हे उत्तर मला शाळेपासून सोसत नाही. मी इतकी भांडले, की खालून अब्बांनी आवाज दिला. शेवटी अवधूतच नमला. "बरं. ड्रुइड कशानं ड्रुइड होतो, ते माझ्या जगात मी अजून नीट ठरवलेलं नाही. पुढच्या रविवारी ड्रुइडांची वनसभा बसेल. तिच्यापुढं तू सांग. पटलं तर सावरी राहील, नाही पटलं तर गेली."

अब्बांचं दुकान कोयते, खुरपी आणि कुऱ्हाडींचं. मी लोखंडाच्या वासात वाढलेली, त्यामुळं हा नियम मला जरा घरच्यांवर घेतल्यासारखा लागला होता. संध्याकाळी दुकान आवरताना मी त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी कोयत्याची धार अंगठ्यानं बघत ऐकलं.

"तुजा त्यो ड्रुइड औषधाच्या मुळ्या काडतो म्हंतीस न्हवं?"

"व्हय."

"मग कशानं काडतो? दातानं?"

मुद्दा बिनतोड होता. पण मला एवढ्यावर भागवायचं नव्हतं. नियम चूक असेल तर बरोबर काय, हे डोक्यातून जाईना. खऱ्या देवराईत लोखंड नेतात का? रानाची राखण करणारं खरं माणूस काय करतं? रिजवान टेम्पो चालवतो आणि वाईच्या वरच्या अंगाला एका गावात देवराई आहे, हे त्याला ठाऊक होतं. गुरुवारी मला सुट्टी असते. भाडं सोडून तो माझ्याबरोबर आला, कारण हे सगळं त्याला वाचवण्यातून उद्भवलं होतं.

देवराईची राखण अनसूयाकाकूंकडे. त्या एसटीत कंडक्टर होत्या, आता निवृत्त. सासरकडून देवाची पूजा आली आणि पूजेबरोबर हे रान. आवाज अजून बस थांबवणारा. त्यांनी आमचं नाव, गाव, बापाचं नाव, सगळं विचारून घेतलं आणि हातातला कोयता माझ्यापुढं धरला.

"मलकापूरच्या मोहिद्दीनची लेक व्हय तू? ह्यो तुज्या बापाच्याच दुकानातला. लय चांगला निघाला."

म्हणजे लोखंड होतं. नुसतं कोयत्यापुरतं नाही. आत छोट्या देवळात लोखंडी साखळीला घंटा होती, पुढ्यात त्रिशूळ होता आणि वरचे पत्रे चांगल्या जाड लोखंडी पाइपांवर उभे होते. मला एवढा आनंद झाला, की मी रिजवानला कोपरानं ढोसलं. अवधूतचा नियम इथंच आडवा झाला होता.

काकूंना त्या दिवशी वाटेवर माजलेली घाणेरी काढायची होती. पण कोयता त्यांनी बाहेरच दगडावर ठेवला. आत जाऊन फुलाच्या दोन पाकळ्या ओल्या केल्या, देवाच्या उजव्या आणि डाव्या अंगाला चिकटवल्या आणि हात जोडून थांबल्या. आम्ही पायरीवर बसून बघत होतो. बराच वेळ काही झालं नाही. मग उजवी पाकळी सुटून खाली आली.

"उजवा कौल मिळाला. आता तोडाय हरकत न्हाई," म्हणत त्या कोयता घ्यायला आल्या.

"घाणेरीसाठी पण विचारायचं?" मी म्हणाले. "ती तर तण आहे."

"तण असलं तरी त्याच्या रानातलं हाय न्हवं?"

"आणि डावी पडली असती तर?"

"मग न्हाई."

"पण अगदीच नड असली तर, काकू?"

त्या घाणेरीचं झुडूप ओढता ओढता बोलत होत्या. "ह्या देवळाचं छप्पर पडलं व्हतं. वासं पायजे व्हतं. रानात झाडं उदंड, आन् देवाच्याच डोक्यावर घालायचं, म्हंजे कोन न्हाई म्हणंल? कौल लावला तर डावा. फुडल्या वर्साला परत डावा. पावसाळंच्या पावसाळं देव भिजला. मग वर्गणी काडून वाईवरनं ह्ये पाइप आनलं."

"पण असं का?"

"मला काय म्हाईत. सासू करायची, मी करती."

उत्तर एवढंच. एरवी मी 'असंच असतं' यावर भडकले असते, पण मी त्या पाइपांकडे बघत बसले. ज्याचं रान त्यालाच छप्पर नाही मिळालं. विचारणं नावापुरतं नव्हतं, कारण 'नाही' आलं तेव्हा लोकांनी ते ऐकलं होतं.

परतीच्या वाटेवर रिजवाननं टेम्पो हमरस्त्याला घातला. मग हसत म्हणाला, "म्हंजे झाड न्हाई म्हनलं असतं, तर मी बुडायचं व्हय गं?" मी खिडकीबाहेर बघत राहिले.

रविवारी वनसभा बसली, म्हणजे अवधूतनं आवाज जड केला. मी अब्बांच्या दातांपासून सुरुवात केली. मयूरीला हसू आवरेना. मग कोयता सांगितला, घंटा सांगितली, त्रिशूळ, पाइप, सगळं सांगितलं. अवधूतनं कान खाजवला आणि आपल्या नेहमीच्या आवाजात म्हणाला, "पटलं. लोखंडाचा नियम रद्द." रिजवाननं माझ्या पाठीत थाप घातली. सावरी वाचली होती.

मी तिथंच गप्प बसायला हवं होतं. पण गुरुवारपासून जे पोटात होतं ते राहीना.

"थांब. ड्रुइड कशानं होतो ते राहिलंच," मी म्हणाले आणि कौलाचं सांगितलं, भिजलेल्या देवाचं सांगितलं. "लांडगा होणं, झाडांशी बोलणं ही नुसती विद्या झाली. ड्रुइड म्हणजे जो रानाला आधी विचारतो, आणि रान नाही म्हणालं तर ते ऐकतो. स्वतःचं नुकसान होत असलं तरी."

अवधूतचे डोळे चमकले. त्यानं ते लिहून घेतलं, खाली रेघ मारली. मग पेन थांबलं.

"सावरीनं विचारलं होतं?"

"नाही."

"तिला झाडांशी बोलता येतं, अर्फा."

येतं की. पण चार वर्षांत मी झाडांना विचारलं काय? इथून कोण गेलं, किती जण होते, कुठल्या वाटेनं गेले. चौकातल्या सीसीटीव्हीसारखा त्यांचा वापर केला.

"गडबडीत राहिलं असेल," मयूरी म्हणाली. "पूर काय थांबणार होता?"

तिनं वाट करून दिली होती, पण ते खरं नव्हतं. "गडबडीत नाही गं. नाही म्हणेल या भीतीनं विचारलं नाही."

"आणि म्हणालंच असतं तर?" अवधूतनं विचारलं. त्याला अडवायचं नव्हतं, त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं. रिजवान फाशाशी खेळत होता, तो थांबला.

"तरी तोडलं असतं," मी म्हणाले. "उद्या परत तसं झालं तर परत तोडीन. देव भिजत राहील, तो देव आहे. हा बुडत असताना मला 'नाही' ऐकता यायचं नाही."

मीच सावरीचा कागद उचलला आणि अवधूतपुढं सरकवला. डोळ्यांत पाणी आलं ते पुसायची मला लाज वाटली नाही. चार वर्षांचा लांडगा होता तो.

अवधूतनं कागद लगेच घेतला नाही. "नियम बदलू का?" त्यानं हळूच विचारलं.

"नको. चांगला झालाय."

तेवढ्यात अब्बा चहा घेऊन वर आले. आमची तोंडं बघून त्यांनी ट्रे टेबलाच्या कडेलाच ठेवला.

"काय निकाल?"

"गेली ड्रुइड."

"मग आता तू कोन?"

"माहीत नाही. कुऱ्हाडवाली कोणीतरी."

"चला, येक गिऱ्हाईक वाडलं," म्हणून ते कप लावायला लागले. मयूरी हसली, अवधूत हसला, मलाही रडता रडता हसू आलं.

रिजवान तेवढा हसला नाही. त्यानं एक कोरा कागद काढून माझ्यापुढं ठेवला. मग आपल्या योद्ध्याच्या कागदावरची कुऱ्हाड खोडली आणि माझ्या कागदावर सगळ्यात वर लिहिली.